पंपाची हरवलेली शीळ

चांद्रगाडीचा पंप शीळ घालत होता, पण ती ऐकू येत होती फक्त अकरा वर्षांच्या ऋजुताला.

"कसली शीळ? नुसती घरघर तर आहे," वृंदाआत्या म्हणाली. चांद्रतळावरचे सगळे पंप ती सांभाळायची.

"आत्या, वय वाढलं की फार उंच पट्टीचे आवाज ऐकू येत नाहीत."

"म्हणजे मी म्हातारी?"

"थोडीशी," यंत्रमानव टिल्लू म्हणाला. त्याचे स्वतःचे कान फक्त माणसांचं बोलणं टिपण्यापुरतेच होते.

ऋजुता हसली नाही. याच पंपाच्या हवेवर तिचे बाबा दहा वाजता तीन दिवसांसाठी बाहेर पडणार होते आणि आता नऊ वाजून गेले होते. तिने पंपाचा आवाज मिनिटभर मुद्रित करून मिरजेला आजोबांकडे पाठवला होता. चाळीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेल्या आजोबांचं उत्तर आलं, "अगं, आलेख पाहिला. घरघर आहे, शीळ नाही."

मग शीळ गेली कुठे?

टिल्लूने तीच फाइल पडद्यावर उघडली. सेकंदाला सोळा हजार कंपनांच्या वर आलेख कोरा होता.

"एमपी-थ्री केलीस ना?" आत्याने ऋजुताला विचारलं.

"तळाचा नियमच आहे. मूळ मुद्रणही पुसलं, जागा वाचवायला."

"तिथेच घोळ झाला. माइक सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार वेळा आवाज मोजतो. इतके आकडे पाठवणं जड जातं. म्हणून एन्कोडर (आवाजाची फाइल लहान करणारं सॉफ्टवेअर) माणसाला जे सहसा ऐकू येत नाही, ते टाकून देतो. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज, फार उंच पट्टी, असं बरंच काही. गाण्याला चालतं ते."

"आजोबा गाणं थोडंच ऐकत होते!"

"सोपं आहे," टिल्लू म्हणाला. "याची फ्लॅक (काहीही न टाकता लहान केलेली फाइल) बनवतो."

फाइल तिप्पट झाली. आलेख मात्र कोराच.

"चिपाडातून रस कुठून येणार, टिल्लू?" ऋजुता म्हणाली. "मुद्रण पुन्हा करायला हवं. पण आत्या, काहीच न टाकता फाइल लहान कशी होते?"

"आधीच्या आकड्यांवरून पुढचा आकडा काय असेल, याचा अंदाज बांधायचा आणि जितका चुकला तेवढाच फरक लिहायचा. फरक लहान, म्हणून जागा कमी. उलगडताना मूळ आकडे जसेच्या तसे मिळतात. पण आज पाठवायला आपल्याकडे एकच मेगाबाइट उरलाय. मिनिटाच्या फ्लॅकला तीन लागतील."

"मिनिट कशाला? शीळ थांबतेय कुठे? वीस सेकंद पुरेत!"

ती पंपाकडे धावली. नऊ चाळीसला फाइल गेली. बाबा हेल्मेट चढवत असताना आजोबांचा आवाज आला, "सतरा हजारांवर बारीक, सरळ रेघ आहे. बेअरिंग घासतंय. पंप बंद करा!"

आत्याने पंप खोलला. बेअरिंगमधल्या एका गोळीला तडा गेला होता.

"माझी सफर उद्यावर ढकललीस तर!" बाबा म्हणाले आणि त्यांनी हेल्मेट उतरवलं.

आत्याने तळाचा नियम बदलला: यंत्रांचा आवाज फ्लॅकमध्येच ठेवायचा आणि मूळ मुद्रण पुसायचं नाही.

ऋजुताने माइक उचलला. तळावर आणखी अकरा पंप होते. प्रत्येकाचा आजचा आवाज जपून ठेवला, तर तो उद्या कुठे बदलला हे टिल्लूलाही ओळखता येणार होतं, माणसांचे कान काहीही म्हणोत.