दशांशचे उणे तीन

"मी संघात नसले, तर तुमचं काही अडतं का रे?"

प्रश्न मैत्रिणींचा, पण विचारून दाखवायची पैज तिची! प्रश्नमंजूषेच्या सरावाच्या वर्गात ती तडक शिरली आणि फळा पुसणाऱ्या दशांशच्या पाठीला विचारून मोकळी झाली. दशांश म्हणजे तोच, उंचीसुद्धा दशांश चिन्हासकट सांगणारा.

तो वळला. तिच्याकडे बघितलं... मग पटकन खडूकडे.

"अडत नाही. उलट तू असलीस की सरासरी तीन गुण कमीच पडतात."

दाराआड मैत्रिणींत खसखस पिकली. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

गुण मिळायचे ते अख्ख्या संघाला. त्यात कुणाचा वाटा किती, देव जाणे. म्हणून बाईंनी याला कामाला लावलं होतं. दशांशसकट सहा जणांतले चौघे आलटून पालटून खेळायचे, तर कोण असताना गुण चढतात, कोण असताना उतरतात ते काढ. त्यावरून अंतिम फेरीचे चौघे ठरणार. तिचा पत्ता कटला, तर बाबांनी शनिवारचा गणिताचा क्लास पक्काच केला होता!

पण उत्तरं तर ती धडाधड देत होती. मग गुण जायचे कुठे?

"ए शहाण्या, मी आत आणि तू बाहेर, असे सामने वेगळे काढ बघू."

"कशाला?"

"काढ तर!"

खडू कुरकुरला. थांबला. त्याने बेरीज पुसून पुन्हा केली.

"अगं... हे तर जास्त येतायत!"

"आणि आपण दोघंही असलो की?"

"खड्डा. आणि आपण बहुतेक वेळा सोबतच होतो."

"मग तुझाही आकडा उणेच असणार की!"

"माझा... काढलाच नाही मी."

"सगळ्यांचा काढलास आणि स्वतःचा नाही? पण खड्डा का? आपण तर भांडतही नाही!" तिला खरंच काही कळेना.

त्याचे कान लालबुंद झाले.

"तू आठवताना डोळे मिटून पेन हनुवटीला लावतेस ना... मी तिकडेच बघत बसतो. पुढचा प्रश्न कानावरच पडत नाही."

तिला राग आला की आनंद झाला, कोण जाणे!

"म्हणजे ते उणे तीन...?"

"माझे. बाईंना सांगतो. मीच बाहेर बसतो."

"थांब रे! आधी जे म्हणायचंय ते सरळ म्हण की."

"आवडतेस," तो म्हणाला. पहिल्यांदाच, दशांश चिन्हाशिवाय.

मग दोघांनी मिळून बाईंना फळा दाखवला. बाई हसल्या आणि दोघांनाही ठेवलं, एका अटीवर.

रात्री जेवताना तिने जाहीर केलं, "आई, बाबा, क्लास रद्द! मी अंतिम फेरी खेळणार. टेबलाच्या या टोकाला मी, त्या टोकाला तो."

आईचा घास हातातच राहिला. बाबांना काही उमगेना. "अगं, कोण कुठे बसणार, हेही आम्हाला कळवायचं?"

"हो! कारण सामना संपला की मी त्याच्या शेजारी बसणार आहे. ठरलंय माझं."