आतली कडी

“असं कुलूप अजून जन्माला यायचंय, जे माझ्यापुढे तोंड उघडत नाही!”

हे माझ्या मामांचं वाक्य. मामा कुलूपवाले. लग्नात, मयताला, चर्चच्या पायऱ्यांवर, जिथे चार डोकी सापडतील तिथे ते हे ऐकवायचे.

आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी मामा स्वतःच्याच घराबाहेर अडकले.

हसा. मीही हसलो होतो. पुढचं ऐकेपर्यंत.

ही गोष्ट खरी आहे. मामांनी स्वतः मला सांगितली, आणि किल्लीचा भाव सोडला तर मामा कशातही थापा मारत नाहीत.

आधी घर सांगतो. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको, की मागच्या दाराने कोणी आलं असेल. मागचं दारच नाही. तळमजल्यावर एक खोली, एक स्वयंपाकघर, एक दार. खिडक्यांना मामांनी स्वतः बसवलेले गज. दाराला तीन कुलपं, तिन्ही मामांच्या हातची.

आणि आतून एक आडवी, लोखंडी, साधी कडी.

ती मामींची. लग्न झाल्या झाल्या त्यांनी हट्टाने बसवून घेतलेली. “तीन कुलपं तुमची, ही एक माझी. नवरा कुलूपवाला असला तर बाईने त्याला बाहेर ठेवायचं कसं?”

कारण मामींचा एक नियम होता. चर्चची घंटा झाली की घरात रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, दुसऱ्याने उरलेली अर्धी. ‘नमो मरिये’ मामांचं, ‘पवित्र मरिये’ मामींचं. दहा मण्यांचा एक फेरा, असे पाच फेरे. घंटेला जो घरात नाही, त्याला कडी. त्याने पायरीवर गुडघे टेकून आपला अर्धा भाग बाहेरून म्हणायचा. रोझरी पूर्ण झाली की कडी निघायची.

मामांची अर्धी भक्ती त्या पायरीवरच झाली.

कडी गंजकी होती. सरकताना किंचाळायची.

कीऽऽ... खट्!

“तेल घाला हो तिला,” मामी म्हणायच्या.

“उद्या,” मामा म्हणायचे.

गावभरची कुलपं लोण्यासारखी फिरवणारा माणूस, आणि घरची कडी जन्मभर किंचाळत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग ईस्टरच्या आधी मामी गेल्या.

त्यांची माळ देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्यावर लटकत राहिली. प्रार्थनेला ज्या बुटक्या स्टुलावर त्या बसायच्या, ते मामांनी पलंगाखाली सारलं. रोझरी बंद झाली.

फादर समजवायला आले. “अहो, रोझरी एकट्यालाही म्हणता येते.”

“पत्तेही एकट्याला खेळता येतात, फादर,” मामा म्हणाले. “पण तो काय डाव झाला?”

मामा एकटे जेवायचे. रेडिओशी भांडायचे. चहा सवयीने दोन कप व्हायचा. दुसरा कप ते गार झाल्यावर प्यायचे, तोंड वाकडं करून, कोणीतरी रागवेल म्हणून संपवल्यासारखा.

नाताळ जवळ आला. चांदणी माळ्यावरच राहिली. गोठ्याचं खोकं उघडलं नाही. बाळ येशू, मेंढरं, एक कान तुटलेलं गाढव, सगळे जुन्या कापडात गुंडाळलेले पडून राहिले.

शहरातल्या लेकीचा फोन आला. “बाबा, नाताळच्या सकाळी गाडी घेऊन येते. तुम्हाला घेऊनच जाणार. कायमचं. घर बंद करून टाकू.”

मामा ‘बरं’ म्हणाले.

त्यांना जायचं नव्हतं. पण इथे राहायचं कोणासाठी, हे लेकीला सांगता येईना. स्वतःलाही सांगता येईना. बॅग भरून त्यांनी दाराशी ठेवली.

आता ती संध्याकाळ.

फादरनी मामांना चर्चमध्ये बोलावलं होतं. कपाटाची किल्ली अडत होती. काम आटपून मामा निघाले आणि वाटेत असतानाच घंटा झाली.

मामांचे पाय आपोआप भरभर पडायला लागले.

मग आठवलं. आता कसली घाई? पाय पुन्हा हळू झाले.

दाराशी आले. पहिलं कुलूप काढलं. दुसरं काढलं. तिसरं काढलं. दार ढकललं.

दार हललं नाही.

खांदा लावला...

आतून कडी खडखडली.

मामा दोन पावलं मागे आले. कडी आतून. आत कोणी नाही. आणि तिन्ही कुलपं तर आत्ता त्यांनीच काढली होती.

“काय हो, किल्ली विसरलात?”

वरून टेलरबाईंचा आवाज. वरच्या मजल्यावर राहतात. दिवसभर शिलाई मशीन, उरलेला वेळ गॅलरी. त्यांचा देव वेगळा, प्रार्थना वेगळ्या. पण मामांच्या घरातलं त्यांना मामांपेक्षा जास्त माहीत.

“किल्ली आहे. दार अडकलंय.”

“अगंबाई! तुमचं?” टेलरबाई कठड्यावरून पार ओणवल्या. “मग दुसरा कुलूपवाला बोलावू?”

“तोंड सांभाळा, बाई!”

“नाही, आपलं सुचवलं. सणासुदीचा जरा जास्त घेईल, पण उघडेल तरी.”

मामांचा कान लाल झाला. त्यांनी फटीतून पट्टी घातली. पट्टी वाकली. तार घातली. तार तुटली. पेचकस हातातून सुटला आणि थेट गटारात गेला.

कडीला किल्ली नसते हो. तिथे कुलूपवाला आणि भाजीवाला सारखेच.

शेवटी मामांनी दाराला लागून असलेल्या खिडकीच्या गजांतून हात घातला. कडी हातभर अंतरावर. दंड आत गेला, खांद्यापाशी अडकला. ना पुढे, ना मागे. गज मामांनीच बसवलेले, हलतात कसले!

“अहो, साबण टाकू का वरून?” टेलरबाई.

“गप्प बसा जरा!”

मामांचा गाल गजांवर दाबलेला. कान आत. हात आतल्या अंधारात चाचपडतोय.

आणि तेवढ्यात त्यांना ऐकू आलं...

स्टूल सरकवल्याचा आवाज.

पलंगाकडून... देव्हाऱ्याकडे.

मामांनी श्वास धरला. मग अगदी बारीक... मण्यांवर मणी घासल्याचा आवाज.

मामांना हात काढायचा होता. हात निघेना. मग त्यांच्या हातावर...

चापट बसली.

जोरात नाही. जेवणाआधीची प्रार्थना संपायच्या आत मामांनी ताटाला हात लावला की मामी मारायच्या, तेवढीच.

हात सुळकन बाहेर आला. मामा पायरीवर मागच्या मागे बसले.

“काय झालं हो?”

मामांनी वर पाहिलंच नाही. बूड पायरीवर होतंच. ते वळले, गुडघे टेकले. माळ नव्हती, म्हणून बोटं मोजायला घेतली. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज चाचरत निघाला.

“नमो मरिये...”

त्यांचा भाग अजून संपला नव्हता. शेवटचे शब्द तोंडातच होते. आणि दारापलीकडून...

“पवित्र मरिये...”

घाईघाईत. मामांच्या प्रार्थनेचं शेपूट तोडून. मामी नेहमी तशाच सुरू व्हायच्या. चुलीवर काहीतरी असायचंच ना त्यांचं.

मामा सांगतात, अंगावर काटा आला, पण उठवेना. भीती वाटत होती, आणि हे थांबेल याचीही भीती वाटत होती. दुसरी जास्त होती.

एक फेरा झाला. दुसरा झाला. टेलरबाई वरून ओरडल्या, “अहो, कोणाशी बोलताय?” मामा पुढचा मणी म्हणत राहिले. टेलरबाई थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या. मग गॅलरीचं दार धाडकन लागलं.

तिसरा. चौथा. मामांचे गुडघे बोंबलायला लागले.

पाचव्या फेऱ्यात मामांनी ‘नमो मरिये’ म्हटलं, आणि आतून...

काहीच आलं नाही.

मामा थांबले. कान दाराला लावला.

काहीच नाही. स्टूल नाही, मणी नाहीत. नुसती रिकामी खोली ऐकू येते ना, तशी.

“अगं,” मामा हळूच म्हणाले. “गेलीस?”

काही नाही.

मामा सांगतात, मयताच्या दिवशीसुद्धा इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. इथे एक पायरी, एक बंद दार, आणि पलीकडे नसणं.

मग त्यांना आठवलं.

मामा रोझरीत चोरी करायचे. जन्मभराची खोड. गुडघे दुखायला लागले की एखादा मणी हळूच गिळायचे. मामींना दर वेळी कळायचं. त्या बोलायच्या नाहीत, रागवायच्या नाहीत. फक्त गप्प बसायच्या, मामा तो मणी परत देईपर्यंत.

मामांनी मनात मागचे फेरे पुन्हा मोजले. चौथ्या फेऱ्यात नऊच झाले होते.

त्यांनी मान खाली घातली आणि राहिलेला एक म्हटला. नीट. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

“पवित्र मरिये...”

मामा तिथे पायरीवर लहान पोरासारखे रडले. मग पाचवा फेरा पूर्ण केला. एकही मणी न चोरता.

कीऽऽ... खट्!

दार आपणहून बोटभर उघडलं.

आत अंधार. मामांनी दिवा लावला. कोणी नव्हतं. पलंगाखालचं स्टूल देव्हाऱ्यासमोर होतं. खिळ्यावर माळ नव्हती. ती आजतागायत सापडलेली नाही. मी स्वतः शोधली आहे.

सकाळी लेक आली. मामांनी तिला सगळं सांगितलं. तिने बापाचा हात हातात घेतला आणि आजाऱ्याशी बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाली, “बाबा, म्हणूनच म्हणते, तुम्ही एकटे राहू नका.”

“एकटा कुठे आहे?”

“हो हो. चला आता.”

तिने बापाची बॅग उचलून बाहेर ठेवली. बापाला बाहेर काढलं. कुलपं लावायची म्हणून दार ओढून घेतलं. तेवढ्यात चर्चमध्ये दुपारची घंटा झाली...

कीऽऽ... खट्!

लेक दाराकडे बघत राहिली. तिची पर्स, फोन आणि गाडीची किल्ली घाईत आत टेबलावरच राहिली होती.

“बाबा... आत कोण आहे?”

मामा सावकाश गुडघ्यांवर बसले. “टेक गुडघे. आणि चोरू नकोस, तिला कळतं.”

लेकीला शहरात जाऊन बरीच वर्षं झाली होती. रोझरी अर्धीच आठवत होती, आणि तीही चुकीची अर्धी. दोघं ऊन उतरेपर्यंत पायरीवर होती.

ती एकटीच परत गेली. बाबांना न्यायचा विषय तिने पुन्हा काढलेला नाही. मामांनी गोठा मांडला, उशिरा का होईना. चहा दोन कप होतो. दुसरा कप कधी गार सापडतो, कधी रिकामा. मी विचारत नाही. मामांकडे जायचं असलं की मी घंटेच्या बराच आधी पोहोचतो, नाहीतर जातच नाही.

मागच्या आठवड्यात मामांनी एकदाचं कडीला तेल घातलं. तुझ्या मामीचं जन्मभराचं मागणं होतं, म्हणाले.

त्यामुळे आता कडी लागली तरी आवाज होत नाही.

काल संध्याकाळी मामा दुकानात होते. शिवलेले पडदे लावायला टेलरबाई किल्ल्या घेऊन घरात गेल्या होत्या. तेवढ्यात घंटा झाली, आणि कडी आवाज न करता लागली.

टेलरबाईंना रोझरी येत नाही.