वर जाताना एक उणे

भूकर्णाच्या पडद्यावर पाचाचा आकडा लाल झाला, तेव्हा मुलीच्या डब्यात केळं टाकायचं राहिलं का, याच विचारात शाल्मली घाग होती.

डोंगराच्या पोटात पेरलेल्या काचतंतूंचं हे जाळं मातीची हालचाल ऐकायचं आणि धोका एक ते पाच श्रेणींत सांगायचं. पाच म्हणजे दरड आता अटळ. खाली निळगडची वस्ती, वस्तीत दरडसूचना मंडळाचं पाळणाघर. तिची मैना तिथेच.

विश्लेषक म्हणून तिने अहवालात श्रेणी पाच लिहिली. दुपारी तो संचालकांच्या सहीने परत आला. श्रेणी दोन. धोक्याचा भोंगा तीनला वाजतो.

"मी चार केले," तिचे प्रमुख पाटणकर सुपारी कातरत म्हणाले. "एक कमी करायचाच असतो, बाई. खालचा माणूस वाढवून सांगतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उपसंचालक, संचालक, सगळे तेच करतात."

"तीन सह्या, तीन उणे! म्हणजे पाचाचे दोनच होणार. सर, हा भोंगा कधी वाजूच शकत नाही!"

"वाजलाही नाही कधी. म्हणून तर मंडळाला पुरस्कार मिळाला."

ती तडक यंत्रदालनात, अभियंता मुजावरांकडे गेली.

"मुजावरभाऊ, वर जाताना संदेश क्षीण होतो. खाली येताना?"

"फुगतो की! मागे साहेब नुसतं म्हणाले, 'उकडतंय.' आमच्या मजल्यापर्यंत येईतो खिडक्याच उखडल्या होत्या." ते हसले, मग तिचा चेहरा बघून थांबले. "वरच्याला घाबरवायची भीती, ताई, आणि वरच्याचं ऐकण्यात कमी पडायचीही भीती. भीती एकच, दिशा उलटी."

वसुंधरा दिनाच्या शुभेच्छापत्राचा मसुदा तिच्याच टेबलावर होता. संचालकांच्या शुभेच्छांतलं काही कमी करायची कुणाची छाती नव्हती. तिने शेवटी एक ओळ घातली: 'डोंगराखालच्या बांधवांनी थोडी काळजी घ्यावी.'

संचालकांनी न वाचता सही केली. पत्र खाली निघालं. उपसंचालकांनी 'थोडी'चं 'विशेष' केलं. पाटणकरांनी 'सतर्क राहावे' लिहिलं. विभाग कार्यालयाने 'सामान बांधून ठेवावे' म्हटलं. वस्ती अधिकारी तर पोलीस घेऊनच आला आणि संध्याकाळच्या आत घरं रिकामी केली, पाळणाघर सगळ्यांत आधी.

पहाटे डोंगर खाली आला. रिकाम्या घरांवर.

पाहणीला आलेले संचालक गाडीत बसता बसता म्हणाले, "ती ओळ कशी आली, त्या विश्लेषक मुलीला जरा विचारा."

उपसंचालकांनी लेखी खुलासा मागवला. पाटणकरांनी चौकशी लावली. आस्थापना शाखेने बडतर्फीचा आदेश काढला.

शाल्मलीने तो मैनाला कडेवर घेऊन, उभ्या उभ्याच वाचला.

"अपील करीन! एकेकाचं नाव घालून करीन!"

मुजावरांनी मान खाली घातली.

"अपील वर जातं, ताई."