झटक्याचा हिशेब

सकाळच्या पहिल्याच खेपेला विहिरीतले दगड वर ओढणाऱ्या यारीची तार तुटली आणि दगडांची बादली विहिरीत काम करणाऱ्या बलभीमवर कोसळली; तो जागीच गेला. मुरूम गावाजवळच्या त्या शिवारात फौजदार मिनाज पोचल्या, तेव्हा लोकांनी यारी चालवणाऱ्या महांतेशला लिंबाला बांधून घातलं होतं.

"सोडा त्याला."

"का म्हनून?" यारीचे मालक हिंमतराव आडवे आले. "ह्येनं झटका देऊन बादली वढली, म्हून तार तुटली. म्या डोळ्यानं बघितलंय. तुमाला बाईमाणसाला यंत्रातलं काय कळणार?"

मिनाजनी स्वतःच दोर सोडला.

"महांतेश, झटका दिला?"

"न्हाय मॅडम. हळूच वढली."

"तारेला वंगण कधी लावलं?"

"चार दिस मालकाला मागतोय. डबा संपला म्हनतेत."

मिनाजनी बादली दगडांसकट वजनकाट्यावर घालायला लावली. चारशे किलो. तारेच्या कागदावर तुटायची मर्यादा होती चाळीस हजार न्यूटन. मग विहिरीतून काढलेलं तारेचं टोक पुसलं. बाकी तार कोरडी, फक्त हातभर जागेवर वंगणाचा ताजा थर होता.

दुपारी हिंमतरावांची जीप तपासून त्या परत आल्या.

"हिंमतराव, बळ म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. चारशे किलो नुसते धरायला चार हजार न्यूटन लागतात. तार तोडायची तर वर आणखी छत्तीस हजार. म्हणजे सेकंदाला नव्वद मीटरनं वेग वाढायला हवा. तुमची मोटर एकानं वाढवते. असा झटका तिला जन्मात जमायचा नाही. तुम्ही पाहिलात कुठून?"

हिंमतरावांची मान ताठच होती.

"वंगणाखाली बऱ्याचशा तारा सपाट कापल्यात. उरलेल्या थोड्या ताणून तुटल्यात. बलभीम रिकाम्या बादलीत बसून उतरला, तेव्हा भार जेमतेम एकशेदहा किलो, म्हणून तेवढ्यांनी सोसला. दगड भरले आणि तुटल्या. 'संपलेला' वंगणाचा डबा तुमच्या सीटखाली अर्धा भरलेला निघाला. त्यातल्या वंगणात तार कापताना पडलेला लोखंडाचा कीस आहे. गावात कळलं, शेताच्या बांधाचा दगड तुम्ही सरकवला, हे बलभीम सोमवारी कोर्टात सांगणार होता. खरं ना?"

"बांध माझाच हाय!" हिंमतराव ओरडले. "दीड दमडीचा मजूर माझ्याविरुद्ध बोलणार व्हता!"

बलभीमची बायको दगडाबाई पुढं आली आणि तिनं हिंमतरावांकडं बोट केलं.

"महांतेश, त्ये खाली उतरताना ह्यो कुठं व्हता?"

महांतेशनं विहिरीकडं पाहिलं.

"काठावर, अक्का. 'सांभाळून उतर' म्हनला."