न बघता नापसंत

हिंदमाताच्या त्या दुकानात मोरपंखी साडी अंगावर घेऊन जो ऐटीत उभा होता, त्याला मी सकाळीच नापास केलं होतं.

तिथले सेल्समन साडी स्वतःच नेसून दाखवतात, त्यामुळे पदर सावरणाऱ्या पुरुषाचं मला नवल नव्हतं. पण चेहरा... फाइलवरचा फोटो आठवला. हितेंद्र, राहणार घोडपदेव. मी घाईने तोंड फिरवलं.

"मॅडम, इतका वाईट दिसतोय का मी?"

"साडी बरी आहे," मी म्हणाले.

"आणि आतला माणूस?"

हसू आलं, आणि मग लाज. परळला आमची कंपनी इस्पितळांना माणसं निवडून देते. म्हणजे निवडतं सॉफ्टवेअर. उमेदवार मोबाइलसमोर बसून उत्तरं देतो, ते त्याची नजर, आवाज मोजून निकाल लावतं. मी खाली 'मान्य' दाबते. कागदोपत्री याला मानवी तपासणी म्हणतात. मानव म्हणजे मी, मनवा. तपासणीचं काही विचारू नका.

"तुमच्या मुलाखतीचा नकार मीच पाठवला," मी बोलून बसले.

त्याने सावकाश साडी उतरवली, घडी घातली. "मग सांगाच. कुठे चुकलो? महिनाअखेर हे दुकान बंद होतंय. तिसऱ्यांदा नकार आलाय. आई विचारते काय चुकलं रे, आणि मला सांगता येत नाही."

"मी... मुलाखत बघितलीच नाही."

खोटं बोलता आलं असतं, पण त्याच्यासमोर जमेना. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने नुसती ती घडी पुन्हा नीट केली, आणि ते जास्त लागलं.

"न बघताच नापसंत?" तो म्हणाला. "आमच्याकडे मुलगी बघायला येणारेसुद्धा निदान पोहे खाऊन नकार देतात."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी ती मुलाखत लावली. चाळीची गॅलरी, खुर्चीवर हा. बारा मिनिटांत नऊ वेळा त्याची नजर मोबाइलवरून हटली. कारण नऊ वेळा कुणीतरी शेजारून गेलं. "जाईबाई, जपून, इथे ओलं आहे." एकदा तर काठी टेकत आलेल्या अप्पांना वाट द्यायला तो उत्तर अर्धं सोडून उठला. सॉफ्टवेअरने शेरा मारला होता : लक्ष विचलित, नजर अस्थिर.

मी लालबागच्या चाळीत वाढले. तिथे म्हातारं माणूस समोरून गेलं आणि तुम्ही मोबाइलमध्ये डोकं घालून बसलात, तर शिंगं फुटली का म्हणून विचारतील. मी खूप हसले, आणि मग डोळेच भरून आले. माणसाचं माणूसपण त्याच्या खात्यात उणे पडलं होतं, आणि खाली माझं 'मान्य' होतं.

मग भीती वाटली. हा मला योग्य वाटतोय, की नुसता आवडतोय? म्हणून माझ्या वरिष्ठ अक्षदा मॅडमच्या केबिनमध्ये गेले. "हे मी ठरवू नये. मला हा मुलगा आवडलाय. तुम्ही बघा."

त्यांनी चष्म्यावरून आधी मलाच बघून घेतलं. मग मुलाखत, शेवटपर्यंत. "चौकशीच्या खिडकीवर असाच माणूस हवा," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "काल आणखी किती नकार गेले?"

"एकसष्ट."

"खुर्ची ओढ. सगळे बघू."

त्यातले चौदा पुन्हा बोलावले गेले. हितेंद्रला इस्पितळाने समोर बसवून प्रश्न विचारले आणि घेतलं. पत्र मिळालं त्या संध्याकाळी तो आमच्या ऑफिसखाली उभा होता, हातात पेढे.

"तुमच्यामुळे—"

"माझ्यामुळे तर नोकरी गेली होती," मी म्हणाले. "मिळाली तुमच्यामुळे."

तो पेढ्यांच्या पुडीची दोरी सोडत राहिला. सुटली, तरी सोडत राहिला. "एक विचारू? रविवारी घरी याल का... मला बघायला? उलटी पद्धत आहे, माहितीये. पण नकारच द्यायचा असेल, तर या वेळी नीट बघून द्या."

"पोहे कोण करणार?"

"मी. आई नुसती मीठ बघेल."

"आणि मला काही विचारायचं असेल तर?"

"वाटेल ते विचारा. पूर्ण चाळ साक्षीला आहे."

माणूस कसा आहे, एवढंच मला विचारायचं होतं, आणि त्याचं उत्तर त्या बारा मिनिटांच्या मुलाखतीत मी आधीच पाहिलं होतं. अजून निकाल लांबवणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच.

"रविवारी येते," मी म्हणाले. "पण पसंत तू आजच आहेस."