आलं का?

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये, असं आमच्या घरात सुनेलासुद्धा पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. साताऱ्यात मी घरोघरी टीव्हीचे अँटेना बसवायचो. एकदा वळवाच्या वाऱ्यात एक अँटेना गर्रकन फिरला आणि खालच्या खोलीत थेट लंकेतल्या बातम्या लागल्या, हे मी आजही शपथेवर सांगतो. तेव्हा पुढचं वाचताना माझं तिखटमीठ खुशाल झटकून टाका. झटकल्यावर जे उरतं, त्याचीच मला भीती वाटते.

सिडनीत पेंडल हिलला, स्टेशनपासून जवळच, माझ्या मुलाचं, निनादचं बैठं कौलारू घर आहे. मागे अंगण, कपडे वाळत घालायची गोल फिरणारी दांडी, लिंबाचं झाड. ते विद्यार्थ्यांच्या लोंढ्याचे दिवस होते. गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजमध्ये एक गादी आणि गादीवर कुकरीच्या कोर्सचा एक पोरगा. आमच्याकडे होता फलटणचा विराज. एका दुपारी पांढरा एप्रन घालूनच तो शिफ्टला निघाला. "काका, किल्ली विसरतोय बहुतेक. दार उघडं ठेवा हं," म्हणाला.

तो परत आला नाही. पासपोर्ट गादीखाली, फोन चार्जरला. पोलीस येऊन गेले. जाताना त्यातला तरुण सवयीनं "नो वरीज, मेट" म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

मग विराजचे वडील आले. यादवराव. मुलाच्याच गादीवर झोपायचे. सकाळी फोटो घेऊन स्टेशनवर उभे राहायचे, दुपारी परत येऊन अंगणात बसायचे. जेवायचे नाहीत म्हटलं तरी चालेल. व्हिसा संपत आला तसा त्यांचा आवाजच बसला. "पद्माकरराव, त्याच्या आईला मी काय सांगू?" एवढंच विचारायचे. "एकदा नुसता बघितला असता तरी गेलो असतो."

केबल बंद करायचं निनादनं त्याच आठवड्यात ठरवलं. "कोण बघतंय ती, बाबा? साधा अँटेना लावू. लोकल चॅनल्स दिसतील, बास." मी खूष. गुडघे मात्र खूष नव्हते. म्हणून छतावर चढले यादवराव. मी आणि सून नीरजा खाली टीव्हीपाशी बसलो. खिडकी उघडी ठेवली आणि आमच्या पिढीचा तो जुना पुकारा सुरू झाला.

"आलं का?" वरून.

"नाही! डावीकडे!"

"आता?"

"आलं, आलं... गेलं! मागं घ्या थोडं!"

"अगं बाई," नीरजा हसत म्हणाली, "ऑस्ट्रेलियात आहोत का कुठे!"

आणि पडद्यावरच्या मुंग्यांमधून एक स्वयंपाकघर वर आलं. ओटा, स्टीलचं भांडं आणि पाठमोरा कुणीतरी कांदा चिरतोय. तो वळला. एप्रन घातलेला विराज होता.

नीरजानं माझा दंड धरला. वरून हाक आली, "आलं का?"

"या... खाली या," मी कसंबसं म्हणालो. यादवराव धडपडत उतरले. त्यांनी अँटेनाचा दांडा सोडला तसं चित्र विरलं. ते टीव्हीसमोर आले तेव्हा नुसत्या मुंग्या.

तुम्हाला माहीत असेल, अँटेना हातानं धरला की चित्र स्वच्छ येतं आणि सोडला की जातं. यात जादू नाही, माणसाचं अंगही लहरी पकडतं. हे मी आयुष्यभर लोकांना समजावलंय. पण निनादनं दांडा धरला तेव्हा क्रिकेट लागलं. मी कण्हत कण्हत वर चढून धरला तेव्हा बातम्या. यादवरावांनी धरला की विराज. म्हणजे ज्याला बघायचं, त्यालाच ते दिसणार नाही. नीरजानं फोनवर फोटो काढला, त्यात पांढरे ठिपके.

"कसा दिसतोय वो?" ते वरून विचारायचे. "वाळलाय का? जेवतोय का?"

"जेवतोय!" मी ओरडायचो. खरं तर तो नुसता चिरत असायचा. खाताना कधीच दिसला नाही.

त्याच्या मागे एक खिडकी होती. दुसऱ्या दिवशी नीरजा पडद्याला नाक लावून ती बघत होती. "बाबा, ती माझी ओढणी आहे." खिडकीबाहेर कपड्यांची गोल दांडी फिरत होती आणि तिच्यावर केशरी ओढणी. तीच सकाळी तिनं आमच्या अंगणात वाळत घातली होती.

आम्ही गॅरेज उलथंपालथं केलं, शेडही धुंडाळली, कुंपणापलीकडे डोकावलो. दांडी त्या कोनातून दिसायला खिडकी लिंबाच्या झाडापाशी हवी. तिथे भिंतच नाही. नुसतं झाड.

यादवरावांची परतीची फ्लाइट उद्यावर आली होती. निनाद कामावर गेला होता. ते माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. "पद्माकरराव, तुमी यातले जाणकार. कायतरी करा."

कल्पना माझीच. टीव्ही उचलून अंगणात आणला, लांब वायर जोडली, लिंबाखाली स्टुलावर ठेवला. तोंड छताकडे. उजेड फार म्हणून नीरजानं वर ब्लँकेटचा आडोसा धरला. निलगिरीवर काकाकुवे किंचाळत होते. यादवराव चढले.

काकाकुवे एकाएकी गप्प झाले.

चित्र आलं. इतकं स्वच्छ कधीच आलं नव्हतं. विराजनं सुरी खाली ठेवली. तो खिडकीशी आला आणि त्यानं वर बघितलं.

"आलं!" वरून यादवराव ओरडले. पहिल्यांदाच विचारलं नाही त्यांनी, सांगितलं. "पद्माकरराव, आलं! बाळा..."

पडद्यावर विराज एप्रनला हात पुसत दाराकडे गेला. त्यानं दार उघडलं.

मी मागे वळलो.

शिडी जागेवर होती. छतावर कुणी नव्हतं.

पडल्याचा आवाज झाला नव्हता. नीरजानंही ऐकला नाही. दांडा हलकेच डुलत होता आणि धरायला कुणी नसताना चित्र तसंच स्वच्छ होतं. ओटा रिकामा. दार आतून लावलेलं.

पुन्हा पोलीस, पुन्हा तेच प्रश्न. मी सांगितलं ते त्यांनी लिहून घेतलं नाही. निनाद म्हणाला, "बाबा, प्लीज. निदान ह्या वेळी तरी नको." त्या दिवसापासून नीरजा कपडे घरात वाळत घालते.

जुलैत, इथल्या ऐन हिवाळ्यात, निनादनं सांगितलं, अँटेना काढून टाका, परत केबल घेऊ. मी सकाळी पाना घेऊन चढलो. कडाक्याची थंडी, कौलांवर दव. दांडाही वरपासून खालपर्यंत दवानं ओला. फक्त छातीच्या उंचीवर दोन ठिकाणी, एकाखाली एक, मुठीएवढी जागा कोरडी होती.

मी तिथे हात लावला. कोमट होती.

पाना खिशात घातला आणि खाली उतरलो. केबल आम्ही अजून घेतलेली नाही.