गाडी सुटेपर्यंत

"आई, लय गार हाय हितं! अन् नुसतं एक घड्याळ बघायला ही मरणाची गर्दी..."

प्रागच्या जुन्या चौकात उभी राहून मी फोनवर ओरडत होते. परदेशात आपलं बोलणं कुणाला कळत नाही, या भरवशावर माणूस जरा जास्तच मोठ्यानं बोलतो. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला —

"कडेगाव का विटा?"

मी गर्रकन वळले. कानटोपी घातलेला एक उंच मुलगा हसत होता. थंडीनं त्याच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"कडेगाव," मी म्हटलं. "तुमी?"

"मेढा. जयराज म्हणत्यात मला." मग हळूच म्हणाला, "तास वाजला, घड्याळातल्या बाहुल्या हलून गेल्या बरं का. तुमच्या बोलण्याच्या नादात माझ्या बघायच्या राहिल्या."

खरं तर माझ्याही राहिल्या होत्या.

मी क्रांती. सांगलीच्या कॉलेजातून एका सत्रापुरती इथं शिकायला आले होते. जयराज दोन वर्षांपासून इथंच शिकत होता. त्या दिवसानंतर दर रविवारी तो मला शहर दाखवायला लागला — तेही पायी. ट्रामचा पास दोघांच्याही खिशात असायचा. पण ट्राम फार लवकर पोचवते...

किल्ल्याच्या पायऱ्या चढताना मी धापा टाकायची आणि हा डोंगरातला गडी शीळ घालत पुढं.

"उसाच्या रानातली माणसं तुमी. चढ कुठं बघितलाय?"

"अन् तू सपाट रस्ता कुठं बघितलायस? मगाशी सरळ रस्त्यावर ठेचकाळलास ते?"

"ते रस्त्यानं न्हाई झालं," तो म्हणाला आणि भराभर पायऱ्या चढायला लागला.

वर पोचलं की लाल कौलांचं सगळं शहर खाली दिसायचं. तो बोट करून एकेका मनोऱ्याचं नाव सांगायचा. मी आधी बोटाकडे बघायची, मग बोटवाल्याकडे. ते त्याच्या लक्षात आलं की पुढचं नाव हमखास चुकायचं.

नदीवरच्या दगडी पुलावर एका संताचा पुतळा आहे. त्याच्या खालची पाटी माणसांनी हात लावून लावून पिवळीधमक केलीय. तिला हात लावला की माणूस पुन्हा प्रागला येतो म्हणे. जयराजनं माझा हात धरून पाटीवर ठेवला... आणि सोडायचं विसरला. मीही आठवण करून दिली नाही.

एवढं होऊनही पठ्ठ्यानं तोंडातून एक शब्द काढला नाही! जून आला, माझं सत्र संपलं. मला एकच गोष्ट ऐकायची होती आणि ती न ऐकता कडेगावला गेले असते तर वर्षभर कुढत बसले असते. आपणच आधी बोलावं? छे, मोडेन पण वाकणार नाही, असा माझा स्वभाव.

विमान व्हिएन्नाहून होतं, तिथवर रेल्वे. जयराज सोडायला आला. आता आमच्याकडे सोडायला जाणं म्हणजे नुसतं स्टँडवर उभं राहून हात हलवणं नव्हे. एसटीत चढायचं, जागा धरायची, बॅग वर टाकायची, पाण्याची बाटली हातात द्यायची आणि कंडक्टरनं घंटी मारली की मग उडी मारून उतरायचं. जयराजही तसाच डब्यात चढला. बॅग वर ठेवली, बाटली दिली.

"खिडकीला बस."

"बसते."

"वारं लागलं तर काच वढून घे..."

"हितली काच उघडतच न्हाई, जयराज."

"व्हय की."

आता तरी बोलेल... म्हणून मी बघत राहिले. तो बॅगेचा पट्टा नीट करत होता, आणि पट्टा नीटच होता. इतक्यात शिट्टी झाली, दार मिटलं आणि गाडी हलली.

घंटी नाही, कंडक्टर नाही. "आवं, थांबवा!" असं म्हणणार तरी कुणाला?

"पुढचं स्टेशन?" मी विचारलं.

"पार्दुबित्से. तासाभरानं."

मला हसूही फुटलं आणि रागही आला. "दोन वर्षं राहतोस हितं. दारं आपोआप मिटत्यात, ठाऊक न्हाई व्हय तुला?"

तो शेजारी बसला. नजर बाहेरच्या गव्हाच्या रानांवर.

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

"मग?"

"शिट्टी ऐकली मी. दारबी मिटताना दिसत हुतं... पाय निघाला न्हाई. लय आवडतेस तू मला, क्रांती. पुलावरच सांगणार हुतो. जमलं न्हाई."

इतका आनंद झाला की मला रडूच आलं.

"येड्या, एवढा उशीर करायचा व्हय रं?" मी कसंबसं म्हटलं. "मलाबी तू आवडतोस. कवापासनं!"

तेवढ्यात फोन वाजला. आण्णा, माझे वडील. पलटणीतून निवृत्त झालेत, पण आवाज अजून परेडचाच.

"बसलीस का नीट? सोडाय कोन आलतं का?"

"आलाय आण्णा."

"उतरला न्हवं गाडीतनं?"

जयराज दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होता.

"न्हाई उतरला. तुमीच बोला त्याच्याशी," मी म्हटलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

तो ताडकन उभाच राहिला.

"नमस्कार आण्णा... मी जयराज, मेढ्याचा... व्हय, गाडीतच हाय अजून... न्हाई आण्णा, चुकून न्हाई. मुद्दाम ऱ्हायलोय."

जयराजनं बाहीनं कपाळ पुसलं. मी त्याचा मोकळा हात घट्ट धरला. आण्णांचा आवाज मलाही ऐकू आला —

"मग कडेगावला कवा येताय?"